मेमरी इंटिग्रिटी म्हणजे काय, आणि घरच्या कॉम्प्युटरवर ती चालू का असावी

कोल्हापुरात घरच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा विषय बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: "अँटिव्हायरस कुठला टाकू?" राजारामपुरीत मशीन असेंबल करून घेतलं की दुकानदारही तेच विचारतो. वर्षाचं लायसन्स घेतलं, खाली कोपऱ्यात हिरवी टिक आली, की विषय मिटला. पण त्याच मशीनच्या प्रोसेसरमध्ये आणि विंडोजमध्ये मेमरीचं रक्षण करणारी एक सबंध यंत्रणा आधीपासून असते. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, काही डाउनलोड करावं लागत नाही. तरी तिच्यातला सगळ्यात मोलाचा भाग, म्हणजे मेमरी इंटिग्रिटी, कित्येक घरांत बंदच सापडतो. कारण शोधायला गेलं तर बऱ्याचदा एखादा जुनापुराणा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) निघतो, ज्याची आता घरात कुणालाच गरज नसते.

हा लेख मेमरी इंटिग्रिटीच्या स्विचबद्दल आहे. तो चालू कसा करायचा हे दोन मिनिटांत सांगता येईल, पण तो काय करतो हे कळल्याशिवाय पहिली अडचण आली की माणूस तो परत बंद करतो. म्हणून आधी थोडं मेमरीबद्दल.

इथे मेमरी म्हणजे रॅम. चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम रॅममध्ये बसलेला असतो, आणि तो ज्यावर काम करतो तो मजकूर, फोटो, वेब पानही तिथंच असतं. गोम अशी की रॅमच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. एका बाजूला प्रोसेसरनं पाळायच्या सूचना, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेली माहिती, आणि दोन्ही नुसत्या आकड्यांच्या ओळी. प्रोसेसरला अमुक ठिकाणापासून वाचायला लाव म्हटलं की तो वाचत सुटतो. तिथं काय ठेवलंय याची चौकशी तो आपण होऊन करत नाही.

शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या मशीन शॉपचं जॉब कार्ड डोळ्यांसमोर आणा. वर पार्टीचं नाव, खाली माप, नग, आणि सगळ्यात शेवटी एक चौकट: पुढे कुठे. लेथवरचं काम उरकलं की हेल्पर ती चौकट वाचतो आणि जॉब ड्रिलिंगला नाहीतर ग्राइंडिंगला नेतो. चौकटीत लिहिलंय तिकडं जायचं, एवढंच त्याचं काम. आता समजा नाव लिहायला कार्ड पार्टीच्याच हातात दिलं, आणि पार्टीनं नाव मुद्दाम एवढं लांबवलं की वरच्या चौकटी भरून मजकूर थेट शेवटच्या चौकटीत उतरला, आणि तिथं बरोबर अक्षरं पडली, 'मागच्या दारानं टेम्पोत'. हेल्पर जॉब टेम्पोत नेऊन ठेवणार. त्याच्या बाजूनं काहीच चुकलेलं नाही.

कॉम्प्युटरमध्ये याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. प्रोग्राम बाहेरून येणाऱ्या माहितीसाठी ठरावीक जागा राखतो, तो बफर. त्याच्या जवळच एक पत्ता लिहिलेला असतो: हे काम संपलं की परत कुठं जायचं. बफरमध्ये जागेपेक्षा जास्त माहिती कोंबली आणि प्रोग्रामनं लांबी तपासली नाही, तर जास्तीची माहिती त्या पत्त्यावर चढते. हल्लेखोर तिथं आपल्याला हवा तो पत्ता बसवतो.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला वर्म, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपण होऊन पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर पसरला, त्यात ही एक युक्ती होती. फिंगर नावाच्या एका साध्या सेवेनं येणाऱ्या ओळीसाठी ५१२ बाइटची जागा ठेवली होती. वर्मनं ५३६ बाइट पाठवले. वरच्या २४ बाइटनी परतीचा पत्ता बदलला आणि प्रोसेसर त्याच ओळीत दडवलेल्या सूचना पाळू लागला. तेव्हा सगळं इंटरनेटच जेमतेम ६० हजार कॉम्प्युटरचं असल्याचा अंदाज होता, आणि त्यातले सहाएक हजार अडकले असं मानलं जातं. पुढं ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आला. विंडोज एक्सपीवर 'सिस्टीम शट डाउन होत आहे' अशी चौकट यायची आणि ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची. त्या काळात सायबर कॅफे चालवलेल्या माणसाला ती चौकट विसरता येणार नाही. मे २०१७ चा वॉनाक्राय, ज्यानं जगभरातल्या कॉम्प्युटरवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तोही विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या अशाच ओव्हरफ्लोवरून आत शिरला. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी बुजवल्या जाणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी नीट न हाताळल्यामुळे होतात. पुढच्याच वर्षी गूगलच्या क्रोमवाल्यांनी आपल्या गंभीर त्रुटींचा हिशोब मांडला, तोही सुमारे ७० टक्केच निघाला.

म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं प्रोग्रामर मंडळी तीच चूक करत आली आहेत, आणि उद्या थांबतील असं नाही. म्हणून मग चूक झाली तरी तिचा फायदा उठवता येऊ नये, या बाजूनं प्रयत्न सुरू झाले.

पहिला उपाय डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शन, डीईपी. मेमरीचे छोटे छोटे भाग असतात, त्यांना पेज म्हणतात. प्रत्येक पेजवर एक खूण ठेवायची: इथं सूचना आहेत, पाळा, इथं नुसती माहिती आहे, वाचा पण पाळू नका. ही खूण खुद्द प्रोसेसर तपासतो. एएमडीनं ती २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये आणली, मागोमाग इंटेलनंही दिली, आणि ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून विंडोज ती वापरू लागलं. मशीन शॉपच्या भाषेत, हेल्परनं सूचना फक्त ऑफिसच्या ड्रॉइंगवरून घ्यायच्या. पार्टीच्या कागदावर काय बी लिहिलेलं असू दे, त्यावर काम करायचं नाही. विंडोज ८ पासून तर प्रोसेसरमध्ये ही सोय नसेल तर विंडोज बसतच नाही.

हल्लेखोरांनी यावरही वाट काढली. स्वतःच्या सूचना आत नेता येत नाहीत ना, मग आत आधीच असलेल्या खऱ्या सूचनांचे तुकडे आपल्या क्रमानं चालवायचे. इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा, आणि त्यांची माळ ओवून हवं ते काम करून घ्यायचं. २००७ मध्ये होवाव शाखाम या संशोधकानं हे तंत्र पद्धतशीर मांडून दाखवलं. पण त्यासाठी कुठला तुकडा कुठं आहे, त्याचा पत्ता नेमका माहीत असावा लागतो. आणि दुसरा उपाय नेमका तिथंच आडवा येतो. त्याचं नाव अ‍ॅड्रेस स्पेस लेआउट रँडमायझेशन, एएसएलआर. प्रोग्रामचे भाग मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी ठेवायचे. विंडोजमध्ये हे व्हिस्टापासून आलं. लेथ आज या कोपऱ्यात, उद्या त्या कोपऱ्यात. काल काढलेला नकाशा आज उपयोगाचा नाही.

इथं एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण ती रोजच्या सवयीशी जोडलेली आहे. विंडोजच्या स्वतःच्या मुख्य फाइलींची जागा प्रोग्राम उघडताना नव्हे, तर विंडोज सुरू होताना ठरते. आणि हल्लीच्या विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. तिच्यामुळे 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलून पुढं चालू होतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं मुळापासून सुरू करतो. म्हणून रोज रात्री मशीन बंद करणाऱ्यानंही आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावं. अपडेटही त्यातच नीट बसतात.

याशिवाय प्रोग्राम उडी मारताना ती योग्य जागीच पडतेय का हे तपासणारं कंट्रोल फ्लो गार्ड आहे, आणि परतीच्या पत्त्याची दुसरी प्रत प्रोसेसरनं राखलेल्या वेगळ्या मेमरीत ठेवणारा शॅडो स्टॅक आहे. दोन प्रती जुळल्या नाहीत की प्रोग्राम तिथंच थांबवला जातो. शॅडो स्टॅकला प्रोसेसरचीच साथ लागते. ती इंटेलच्या ११ व्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरपासून आणि एएमडीच्या झेन ३ पासून मिळते. यांतल्या बहुतेक गोष्टी ब्राउझरसारखे प्रोग्राम आपण होऊन वापरतात. तुम्हाला काही करावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा.

वरची सगळी राखण ज्याच्या जोरावर चालते तो विंडोजचा गाभा, कर्नल. कोणत्या पेजवर कोणती खूण हे तोच ठरवतो. मग कर्नलमध्येच कुणी शिरलं तर? खुणाच बदलता येतात, अँटिव्हायरस गप्प करता येतो, आणि स्क्रीनवर हिरवी टिक तशीच राहते. कर्नलमध्ये शिरायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे ड्रायव्हर. प्रिंटर, साउंड कार्ड, वेबकॅम, डोंगल (काही सॉफ्टवेअर चालण्यासाठी यूएसबीत लावावी लागणारी किल्ली) यांना चालवणारा हा छोटा प्रोग्राम, आणि यांतले बरेच थेट कर्नलमध्ये बसून चालतात. हल्लेखोराला स्वतः ड्रायव्हर लिहावाही लागत नाही. एखाद्या खऱ्या कंपनीचा, रीतसर डिजिटल सही असलेला, पण आत खोट असलेला ड्रायव्हर तो स्वतःच बरोबर घेऊन येतो, तुमच्या मशीनवर बसवतो आणि त्या खोटीतून कर्नलमध्ये उतरतो. २०२२ मध्ये एका लोकप्रिय ऑनलाइन गेमचा, गेममधली लबाडी पकडण्यासाठी बनवलेला ड्रायव्हर रॅन्समवेअर टोळीनं असाच वापरून अँटिव्हायरस बंद पाडला होता. ज्यांनी तो गेम कधी पाहिलाही नव्हता त्यांच्याही मशीनवर हे करता येत होतं.

मेमरी इंटिग्रिटी यावरचं उत्तर आहे. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची ताकद असते, एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायची. विंडोज ती वापरून कर्नलच्याही खाली एक पातळ थर ठेवतो, हायपरव्हायझर, आणि मेमरीचा एक कोपरा कर्नलपासूनही वेगळा काढतो. कर्नलमध्ये चालणाऱ्या प्रत्येक सूचनेची सही आता त्या वेगळ्या कोपऱ्यात तपासली जाते. सही पटली तरच त्या पेजवर 'पाळा' अशी खूण पडते, आणि एकदा ती पडली की त्या पेजवर लिहिता येत नाही. लिहिता येतं ते पाळलं जात नाही, पाळलं जातं त्यावर लिहिता येत नाही. पुन्हा उद्यमनगरात जायचं तर, ड्रॉइंगवर मारायचा शिक्का शॉपच्या मालकाकडं नसून वेगळ्या कुलूपबंद खोलीत आहे. मालकालाच कुणी फितवलं तरी खोट्या ड्रॉइंगवर शिक्का मिळत नाही.

ही सोय घरच्या विंडोजमध्ये २०१८ पासून समोर दिसते. विंडोज ११ नव्यानं बसवलं आणि हार्डवेअर जुळत असेल (प्रोसेसर इंटेलच्या ८ व्या पिढीचा, एएमडीच्या झेन २ चा किंवा त्याहून नवा, ८ जीबी रॅम, एसएसडी, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू, आणि ड्रायव्हर सगळे सुसंगत) तर ती आपोआप चालू होते. पण विंडोज १० वरून वर चढवलेल्या मशीनमध्ये पूर्वी बंद असेल तर ती बंदच राहू शकते. आपल्याकडची बरीच असेंबल्ड मशीन अशीच वर चढवलेली आहेत.

बघायचं असं. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'डिव्हाइस सिक्युरिटी'वर जा, 'कोअर आयसोलेशन डिटेल्स' दाबा. सगळ्यात वर मेमरी इंटिग्रिटीचा स्विच. तो चालू करण्याआधी सिस्टीम रीस्टोर पॉइंट बनवून ठेवा, म्हणजे एखादा ड्रायव्हर अडखळलाच तर मागं जाता येईल. मग स्विच चालू करा, रीस्टार्ट करा. काही वेळा एवढ्यावर भागतं.

भागत नाही तिथं काय होतं ते एका उदाहरणानं सांगतो. शाहूपुरीत आमच्या ओळखीचे एक काका गुळाच्या व्यापाऱ्यांचे हिशोब घरून लिहितात. नेट बँकिंग, जीएसटीचे रिटर्न, सगळ्या पार्ट्यांची कागदपत्रं त्याच एका कॉम्प्युटरवर. त्यांच्याकडं स्विच दाबला की थोडा वेळ तपासणी व्हायची आणि तो परत बंद. खाली पिवळा त्रिकोण, आणि 'रिव्ह्यू इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्स' अशी ओळ. ती उघडली तर एकच नाव. त्यावर टिचकी मारली की ड्रायव्हर कुणाचा, आवृत्ती कुठली, तारीख काय, आणि 'ओईएम'नं सुरू होणारं एक फाइलनाव, असं सगळं दिसतं. तारीख २०११ ची होती.

"काका, हे डोंगल अजून लागतंय काय?"

"कुठलं डोंगल?"

"पूर्वीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं. मागं लावायचा बघा, निळं."

"आरं, ते सॉफ्टवेअर सोडून लई वर्सं झाली. डोंगल असंल कपाटात कुठंतरी."

डोंगल कपाटात होतं, पण त्याचा ड्रायव्हर एका विंडोजमधून पुढच्या विंडोजमध्ये चालत आला होता आणि एवढी मोठी राखण अडवून बसला होता. आधी 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'मध्ये त्या सॉफ्टवेअरचं काही शिल्लक आहे का बघितलं, होतं ते काढलं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हाइसेस' चालू केलं. आता लावलेली नसलेली पण कधीकाळी लावलेली उपकरणं तिथं फिकट अक्षरांत दिसतात. त्या नावावर राइट क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि खालच्या चौकटीत ड्रायव्हरही काढण्यासाठी टिक. रीस्टार्ट करून पुन्हा तपासणी केली तर स्विच चालू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव सापडत नसेल तर विंडोजमध्येच पीएनपीयुटिल नावाची कमांड असते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवरून ती त्या 'ओईएम' फाइलनावानं ड्रायव्हर काढते. तिथं मात्र त्या फाइलनावातला आकडा दोनदा ताडून बघा. चुकीचा ड्रायव्हर निघाला तर नेट किंवा कीबोर्डही बंद पडू शकतो.

ड्रायव्हर अजून लागत असेल तर गोष्ट वेगळी. आधार पडताळणीचं बोटांच्या ठशांचं यंत्र, जुना स्कॅनर, साउंड कार्ड, यांच्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर नवा ड्रायव्हर बघायचा. तो असेल तर प्रश्न मिटला. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जाहिरातीत दिसणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. कर्नलमध्ये काय बसवायचं हे ठरवायचा अधिकार अनोळखी प्रोग्रामला द्यायचा नसतो. आणि नवा ड्रायव्हर निघालाच नसेल तर? महाद्वार रोडला, लक्ष्मीपुरीत लग्नपत्रिका जुळवणारी डीटीपीची मंडळी आहेत. त्यांचे वर्षानुवर्षांचे फॉन्ट आणि नमुने जुन्या सॉफ्टवेअरवर, आणि ते सॉफ्टवेअर डोंगलवर. ते बंद करा असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण त्या मशीनवर मग बँकेचं काम करू नये, आणि शक्य असेल तर त्याचं नेटच काढावं. पेन ड्राइव्हनं फाइल नेता येते. बँक, ईमेल, जीएसटी यांना दुसरं मशीन, आणि त्या मशीनवर स्विच चालू.

काही वेळा अडचण ड्रायव्हरची नसते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनच बंद असतं. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर गेलं की खाली 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' दिसतं. बंद असेल तर मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं. एएमडीच्या बोर्डवर 'एसव्हीएम मोड' आणि इंटेलवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' अशा नावाची ओळ असते, ती 'एनेबल' करून सेव्ह करायची. बाकी कशालाही हात लावायची गरज नाही.

कोअर आयसोलेशनच्या त्याच पानावर आणखी दोन-तीन स्विच असतात. खोट असलेल्या ज्ञात ड्रायव्हरांची मायक्रोसॉफ्टची काळी यादी, 'व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट', चालूच असावी. मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर ती असतेच. 'लोकल सिक्युरिटी अथॉरिटी प्रोटेक्शन' लॉगिनची गुपितं मेमरीतून चोरली जाऊ नयेत म्हणून आहे, तेही चालू ठेवा. प्रोसेसर नवा असेल तर कर्नलसाठी शॅडो स्टॅकचा स्विचही दिसेल. तो मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तरच चालतो. लावून बघा, कुठला ड्रायव्हर कुरकुरला तर विंडोज नाव सांगतो.

मशीन हळू होईल का, हे पहिलं विचारलं जातं, आणि प्रश्न रास्त आहे. इंटेलच्या ७ व्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन २ पासून या तपासणीला प्रोसेसरचीच मदत मिळते, त्यामुळे ब्राउझर, हिशोब, टायपिंग यांत फरक जाणवू नये. त्याहून जुन्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरला करावं लागतं आणि मशीन जड वाटू शकतं. गेम खेळणाऱ्यांना फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी होताना दिसू शकतील; २०२२ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनं सांगितलं होतं की गेमपुरतं हे बंद करून नंतर पुन्हा चालू करता येईल. नुसतं गेमचं मशीन असेल तर तो निर्णय तुमचा. पण घरातलं एकच मशीन, त्यावर पोरगा गेम खेळतो आणि त्यावरच वडील नेट बँकिंग करतात, तर माझं मत स्पष्ट आहे: थोड्या फ्रेम गेल्या तरी चालतील.

त्याच पोराला एक गोष्ट नक्की सांगून ठेवा. गेमची चीट, फुकटचं सॉफ्टवेअर, अ‍ॅक्टिव्हेट करणारा लोडर अशा गोष्टींच्या व्हिडिओत पहिली पायरी बऱ्याचदा हीच असते, 'कोअर आयसोलेशन बंद करा, डिफेंडर बंद करा, मग ही फाइल चालवा.' जी फाइल चालण्यासाठी आधी राखण काढावी लागते, ती काय करायला आली आहे हे वेगळं सांगायला नको. तो व्हिडिओ तिथंच बंद करायचा.

डीईपीचीही एक सेटिंग हातानं करण्यासारखी आहे. ६४ बिटच्या प्रोग्रामना विंडोज डीईपी लावतोच. प्रश्न जुन्या ३२ बिट प्रोग्रामचा. मूळ सेटिंगमध्ये सक्ती फक्त विंडोजच्या आवश्यक प्रोग्रामना असते. स्टार्टमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज' शोधा, 'परफॉर्मन्स'खालचं 'सेटिंग्ज' दाबा, 'डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शन' टॅबमध्ये दुसरा पर्याय निवडा, म्हणजे मी सांगेन ते वगळून सगळ्यांना. रीस्टार्टनंतर एखादा जुना प्रोग्राम उघडेनासा झाला तर त्याच खिडकीत त्याचं नाव वगळायच्या यादीत घालता येतं. 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'एक्सप्लॉइट प्रोटेक्शन' म्हणून एक लांबलचक पानही आहे. तिथलं मुळात जसं आहे तसंच राहू द्या. सक्तीच्या एएसएलआरचा स्विच तिथं मुद्दामच बंद ठेवलेला असतो, कारण काही जुने प्रोग्राम त्यानं कोलमडतात.

हे सगळं चालू असलं तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं आरटीओच्या चलनाचं खोटं अ‍ॅप कुणी स्वतःच्या हातानं फोनवर टाकलं, किंवा फोनवर ओटीपी वाचून दाखवला, तर मेमरीची राखण तिथं काही करू शकत नाही. आणि ती अपडेटची जागाही घेत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर मेमरी इंटिग्रिटी चालते, ती जरूर लावा, पण मुदतवाढीच्या अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर नव्यानं सापडणारी भोकं उघडीच राहतील. मॅकवर याच प्रकारची राखण आपोआप चालू असते, आणि उबुंटूसारख्या लिनक्सवर डीईपी आणि एएसएलआरही; तिथं मुद्दाम बंद केली नाही म्हणजे झालं.

स्विच चालू दिसतोय म्हणजे राखण खरोखर चालू आहे असं धरून बसू नका. स्टार्टमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडा आणि खाली 'व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी' या ओळीसमोर 'रनिंग' लिहिलंय का ते पाहा. 'एनेबल्ड बट नॉट रनिंग' असेल तर विंडोजची तयारी आहे, पण बहुतेक वेळा बायोसमधून साथ मिळत नाही. जुन्या असेंबल्ड मशीनमध्ये हे एका फुटकळ वाटणाऱ्या कारणानं होतं. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो. तो उतरला आणि लाइट गेली की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातो, आणि त्यात एसव्हीएम बंद असेल तर तेही बंद होतं. त्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे मशीन चालू केल्यावर तारीख-वेळ चुकीची दिसणं. तसं दिसलं तर आधी सेल बदलून घ्या, सीआर२०३२ म्हणून मागितला की मिळतो. मग बायोसमध्ये तारीख लावताना ती ओळ पुन्हा 'एनेबल' करा, आणि विंडोज सुरू झाल्यावर 'रनिंग' आलंय का ते परत बघा.